बिलिटल, डिस्पॅरेज, पुट डाउन: समानार्थी शब्दांचं ॲप, साइट आणि जाडजूड पुस्तक, तिन्ही वापरून झाल्यावर

मागच्या अप्रेझलला मी एका ज्युनिअर मुलाच्या फॉर्ममध्ये एक इंग्लिश क्रियापद चुकीचं लिहिलं आणि तो मुलगा दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. मला म्हणायचं होतं की दुसऱ्यांच्या कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज तो नेहमी कमी लावतो, म्हणजे अंडरएस्टिमेट, पण तो शब्द वरच्या ओळींत दोनदा येऊन गेला होता, तिसऱ्यांदा नको म्हणून फोनमधल्या समानार्थी शब्दांच्या ॲपमध्ये टाकला, खाली जी लांबलचक रांग आली त्यात बिलिटल होता, छोटासा, ओळखीचा, आत लिटल दिसतोच आहे, घेतला आणि पुढे गेले. तिसऱ्या दिवशी तो केबिनमध्ये आला आणि एवढंच म्हणाला, मॅम, मी कधी कुणाला हिणवलंय का?

अंडरएस्टिमेट म्हणजे अंदाज चुकणं. बिलिटल म्हणजे दुसऱ्याला किंवा दुसऱ्याच्या कामाला क्षुल्लक ठरवणं, आणि त्यात बोलणाऱ्याचा तुच्छभाव असतो, कधी जळफळाटही असतो. पहिल्यात हिशोब चुकतो, दुसऱ्यात माणसाच्या स्वभावावर बोट ठेवलं जातं. मी त्या मुलाच्या कायमच्या रेकॉर्डवर त्याच्या स्वभावाबद्दल लिहून बसले होते. त्यानंतर दीडेक महिना मी नुसतं हेच केलं, दुसऱ्याला कमी दाखवण्याची इंग्लिशमधली जेवढी क्रियापदं आठवतील तेवढी घेतली आणि ॲप, वेबसाइट आणि छापील थिसॉरस म्हणजे समानार्थी शब्दांचं पुस्तक, तिन्हीकडे एकेक टाकून बघितली. हा त्याचा रिव्ह्यू.

आधी ॲपबद्दल. फुकट आहे, झटकन उघडतं, नेट नसलं तरी चालतं, हे सगळं खरं आहे आणि घाईत असलेल्या माणसाला तेवढंच दिसतं. पण बिलिटल टाकला की ते तीसेक शब्द ओतून मोकळं होतं. मिनिमाइझ, डेनिग्रेट, डिस्पॅरेज, डेप्रिकेट, स्नब, मॉक, सगळे एकाच मापाच्या अक्षरात, एकाखाली एक. एकही वाक्य नाही. हा शब्द बोलण्यातला की लिहिण्यातला, हा तोंडावर करतात की पाठीमागे, हा माणसाला लागू होतो की त्याच्या कामाला, काहीही सांगितलेलं नाही. सगळ्यात वाईट म्हणजे शब्दाचे दोन अर्थ असतील तरी ते वेगळे काढलेले नाहीत, त्यामुळे 'उशिराचं गांभीर्य कमी करून सांगितलं' यासाठी शब्द शोधणाऱ्याच्या हातात 'बदनामी केली' येऊ शकतं.

हे असं का होतं हे शोधायला गेले तेव्हा थोडं कळलं. प्रिन्स्टन विद्यापीठात १९८५ च्या सुमारास जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाच्या हाताखाली वर्डनेट नावाचा शब्दांचा मोठा डेटाबेस बांधायला सुरुवात झाली, तो खुला आहे, कुणीही वापरू शकतं, आणि शब्दांची भरपूर ॲप त्यावर उभी राहिली. वर्डनेटमध्ये शब्द अर्थाच्या गटांत बांधलेले असतात आणि तिथे मिनिमाइझ, बिलिटल, डेनिग्रेट आणि डेरोगेट हे चार एकाच गटात आहेत, एखादी गोष्ट आहे त्यापेक्षा कमी गंभीर भासवणं या अर्थाने. त्याच्या शेजारी वेगळा गट आहे, डिस्पॅरेज आणि बिलिटलचा, वाईट मत बोलून दाखवणं या अर्थाने. म्हणजे बिलिटल दोन्हीकडे आहे, आणि मुळात प्रत्येक गटाला स्वतःची व्याख्याही दिलेली आहे. माझं ॲप कुठून शब्द घेतं ते त्यात लिहिलेलं नाही, पण अशी व्याख्या काढून टाकून दोन गट एकत्र ओतले की जे तयार होईल ते हुबेहूब माझ्या ॲपच्या रांगेसारखं दिसेल. संशोधनासाठी केलेली वस्तू वेगळी आणि ईमेल लिहिताना शब्द निवडायला दिलेली वस्तू वेगळी, दुसरीत जबाबदारी जास्त आहे, कारण तो शब्द थेट कुणाच्या तरी इनबॉक्समध्ये जाऊन पडतो.

मग मेरियम-वेबस्टर या अमेरिकन डिक्शनरीवाल्यांची साइट. डिक्शनरी आणि थिसॉरस दोन्ही फुकट बघता येतात. इथे पहिलाच फरक डोळ्यात भरतो तो म्हणजे शब्दाच्या अर्थागणिक वेगळी यादी, आणि प्रत्येक अर्थाला एक उदाहरणाचं वाक्य. पण मला साइट आवडली ती एका छोट्या भागामुळे, काही शब्दांच्या पानावर खाली हा शब्द त्याच्या भावंडांपेक्षा वेगळा कसा ते सांगितलेलं असतं. बिलिटलच्या पानावर त्याच्यासोबत डिक्राय, डिप्रिशिएट आणि डिस्पॅरेज असे तीन शब्द घेतलेत. माझ्या शब्दांत सांगायचं तर डिक्राय म्हणजे उघड उघड धिक्कार करणं, लोकांचा विश्वास उडावा म्हणूनच केलेला. डिप्रिशिएट म्हणजे लोक समजतात तेवढी याची किंमत नाही असं दाखवणं. डिस्पॅरेज आडवळणाने चालतो, थेट वाईट न म्हणता खोचक तुलना करून, जाता जाता उणं काढून. आणि बिलिटलमध्ये तो तुच्छभाव. चार ओळींचं काम आहे हो, पण हे मला त्या अप्रेझलच्या दिवशी वाचायला मिळालं असतं तर मी तो शब्द लिहिलाच नसता.

एक गोष्ट इथे सविस्तर सांगते, कारण साइटचं खरं मोल मला अप्रेझलच्या प्रकरणात नाही, त्याआधीच्या एका प्रकरणात कळलं होतं. जुन्या नोकरीत माझे एक वरिष्ठ होते. कधी आवाज चढवला नाही, कधी वावगा शब्द नाही. पण मीटिंगमध्ये मी काही मांडलं की गोड हसून म्हणायचे, अरे वा, हे तुला सुचलं? आणि मग तेच मुद्दे सगळ्यांना पुन्हा समजावून सांगायचे, जसं काही मी लहान मुलीसारखं काहीतरी बडबडले आणि आता मोठा माणूस त्याचा अर्थ लावून देतोय. वर्षभर हे चाललं. मी लेखी तक्रार केली त्यात लिहिलं की ते माझा अपमान करतात, इन्सल्ट. उत्तर आलं, नेमका कुठला शब्द वापरला ते कळवा. शब्द कुठलाच नव्हता! वाईट शब्द एकही नव्हता, म्हणून तक्रार तिथेच पडून राहिली. पुढे या साइटवर एका शब्दावरून दुसऱ्यावर जाता जाता कॉन्डिसेन्डवरून पॅट्रनाइझपर्यंत पोचले आणि वाचताना अंगावर काटा आला, कारण वर्षभर जे होत होतं त्याला एक नाव होतं, वरवर दया, आस्था, कौतुक दाखवायचं आणि आतून समोरच्याला आपल्यापेक्षा कमी समजायचं. नवी तक्रार लिहिली, पॅट्रनाइझिंग हा शब्द घातला, तीन मीटिंगमधली तीन वाक्यं जशीच्या तशी दिली. या वेळी कुणी मला शब्द विचारला नाही.

त्या शब्दाच्या आत पेटर आहे, लॅटिनमधला बाप. पॅट्रन म्हणजे पाठीराखा, आश्रयदाता, आणि दुकानाचं नेहमीचं गिऱ्हाईक असणं यालाही पॅट्रनाइझच म्हणतात, तिथे काहीच वाईट नाही. कॉन्डिसेन्डचंही तसंच, मूळ अर्थ खाली उतरून येणं, आणि एके काळी तो कौतुकाचा शब्द होता, मोठ्या माणसाने आपलं मोठेपण बाजूला ठेवून बरोबरीने वागणं. आज कुणाला कॉन्डिसेन्डिंग म्हटलं तर ती शिवी आहे. ॲपमध्ये हे दोन्ही शब्द टाकून बघा, असलं काही हाताला लागत नाही.

शब्दांच्या जन्मकथा साइटच्या डिक्शनरीत मिळतात, आणि त्या मी एरवी वाचल्या नसत्या, पण या क्रियापदांच्या बाबतीत मूळ कळलं की शब्द कुठे वापरायचा ते आपोआप कळतं. डेनिग्रेट हा लॅटिनमधल्या काळ्या रंगाच्या शब्दावरून आला, काळं करणं. आपल्याकडे काळिमा फासणं म्हणतात ना, तेच, म्हणून तो नाव, कीर्ती, चारित्र्य यांच्यासोबत बसतो, उशीर झालेल्या रिपोर्टसोबत नाही. डिस्पॅरेजचं मूळ जुन्या फ्रेंचमध्ये आहे आणि तिथे अर्थ होता बरोबरीच्या नसलेल्या, खालच्या दर्जाच्या माणसाशी लग्न लावणं. हे कळल्यावर मला त्या शब्दातली तुलना दिसायला लागली, डिस्पॅरेज करणारा नेहमी कुठल्या तरी पायरीशी मोजत असतो. डिप्रिशिएटमध्ये किंमत आहे, म्हणून रुपया किंवा गाडीही डिप्रिशिएट होते. डेप्रिकेट दिसायला त्याच्या जुळ्या भावासारखा, पण त्याचं मूळ आहे प्रार्थना करून संकट टाळणं, पुढे तो नापसंती दाखवण्यासाठी आला, आणि आज सॉफ्टवेअरवाले जे फीचर यापुढे वापरू नका असं सांगतात त्याला डेप्रिकेटेड म्हणतात. ह्युमिलिएटच्या मुळाशी माती आहे, जमीन. आणि इन्सल्टच्या मुळाशी कुणाच्या अंगावर उडी घेणं.

बिलिटलची कथा तर मी ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगत सुटले. हा शब्द रूढ केला थॉमस जेफरसनने, अमेरिकेचे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले तेच. बुफाँ नावाच्या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाचं म्हणणं होतं की अमेरिका खंडातले प्राणी युरोपातल्यांपेक्षा लहान आणि खुरटे असतात, त्याला उत्तर देताना जेफरसनने आपल्या व्हर्जिनियावरच्या पुस्तकात हा शब्द वापरला, निसर्ग अटलांटिकच्या या बाजूच्या आपल्या निर्मितीला छोटं करतो, या कल्पनेबद्दल. आणि १७८७ मध्ये लंडनच्या एका मासिकाने त्या शब्दालाच नावं ठेवली, काय हा शब्द म्हणून! कमी लेखण्यासाठीचा शब्द जन्मल्या जन्मल्या कमी लेखला गेला. तो टिकला आणि नाक मुरडणारे कुणाला आठवत नाहीत, याचा मला मनापासून आनंद झाला.

छापील थिसॉरसबद्दल थोडक्यात. रॉजेटचा थिसॉरस पहिल्यांदा १८५२ मध्ये आला, पीटर मार्क रॉजेट हे डॉक्टर होते आणि तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते, पहिल्या आवृत्तीत हजार मथळे. जुन्या आवृत्त्यांची रचना अर्थाच्या शेजारानुसार आहे, आणि त्यात खुशामत आणि निंदा हे दोन मथळे एकमेकांच्या पाठोपाठ येतात. मला हे फार खरं वाटलं, कारण तोंडावर खुशामत आणि पाठ फिरली की निंदा एकाच माणसाकडून मिळते. पण रोजच्या कामाला हे पुस्तक सोपं नाही, त्यात व्याख्या नाहीत, ज्याला शब्द आधीच माहीत आहेत आणि नुसता ओठावर येत नाहीये त्याच्यासाठी ते आहे. शिकणाऱ्याने त्यातून शब्द उचलला तर ॲपसारखीच गत होईल.

आता तिन्हीकडे जे मला पुरेसं मिळालं नाही ते सांगते, म्हणजे रोजच्या बोलण्यातली क्रियापदं. खऱ्या आयुष्यात डिस्पॅरेज कोण म्हणतं? ईमेलमध्ये, बातमीत, कोर्टाच्या कागदात. बोलताना लोक म्हणतात पुट डाउन, लुक डाउन ऑन, टॉक डाउन टू, रन डाउन, मेक फन ऑफ. हे सगळे डाउन एकसारखे वाटतात आणि एकसारखे अजिबात नाहीत. लुक डाउन ऑन हा मनातला प्रकार आहे, तोंडातून अवाक्षर न काढता करता येतो. टॉक डाउन टू म्हणजे समोरच्याला काही कळत नाही असं धरून बोलणं, शब्द सुटे सुटे करून, सावकाश. पुट डाउन बहुतेक वेळा चारचौघांत, तोंडावर. रन डाउन बऱ्याचदा पाठीमागे, सतत उणीदुणी काढत राहणं. आणि सापळे किती! टॉक डाउन टू मधला टू गळला आणि टॉक समवन डाउन झालं की अर्थ होतो भडकलेल्या माणसाला शांत करणं. रन डाउन म्हणजे गाडीखाली घेणंही होतं. पुट डाउन आजारी जनावराला मरण देण्यासाठीही वापरतात, आणि सर्वनाम आलं की ते मध्येच घालावं लागतं, पुट हिम डाउन, पुट डाउन हिम चालत नाही. हे शिकायला मला शिकणाऱ्यांसाठीच्या डिक्शनऱ्याच उपयोगी पडल्या, ज्यात प्रत्येक क्रियापदासोबत पूर्ण वाक्यं असतात, थिसॉरस नाही.

प्रदेशाचा फरकही आहे. रबिश हा शब्द ब्रिटिश लोक क्रियापद म्हणून वापरतात, एखाद्याची कल्पना रबिश करणं म्हणजे ती भिकार ठरवणं, आणि स्लॅग ऑफ हेही तिकडचंच, तर अमेरिकन माणूस तिथे ट्रॅश म्हणेल किंवा बॅडमाउथ. डिस हा शब्द डिसरिस्पेक्टचा तुकडा, कृष्णवर्णीय अमेरिकन बोलीतून आणि १९८० च्या दशकातल्या हिपहॉपमधून सगळीकडे पसरला. थ्रो शेड न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी लोकांच्या बॉलरूम संस्कृतीतून, म्हणजे नटूनथटून स्पर्धा करायच्या त्यांच्या मेळाव्यांतून आला, त्यात कौशल्य लागतं, थेट न बोलता झोंबेल असं बोलायचं. रोस्टमध्ये निदान ज्याची खेचतात तो माणूस तयार असतो अशी अपेक्षा असते, नसेल तर ते रोस्ट राहत नाही, मॉकिंग होतं. गॅसलाइटबद्दल मला जरा कळकळीने सांगायचंय, कारण तो आता कुठल्याही अपमानासाठी वापरतात. तो १९३८ च्या एका नाटकावरून आलाय आणि त्याचा मूळ अर्थ फार भयंकर आहे, समोरच्याचा स्वतःच्या आठवणीवरचा, स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडेल अशी फसवणूक करत राहणं. मेरियम-वेबस्टरने २०२२ साली गॅसलाइटिंगला वर्षाचा शब्द ठरवलं. कुणी तुमच्या प्रेझेंटेशनला हसलं तर ते रिडिक्यूल आहे, गॅसलाइट नाही. हा शब्द पातळ झाला तर ज्यांच्यावर खरंच ती वेळ येते त्यांनी काय म्हणायचं?

शेवटी मी माझी स्वतःचीच वही केली, कारण वरचं सगळं इंग्लिश ते इंग्लिश आहे आणि माझ्या डोक्यात आधी मराठी उठतं. पुट डाउनसमोर लिहिलं घालूनपाडून बोलणं, आणि लिहिताना लक्षात आलं की पाडणं दोन्हीकडे आहे. ह्युमिलिएटसमोर पाणउतारा, कारण दोन्हींत परिणाम झालेला असतो, माणूस खाली उतरलेला असतो, तर बिलिटल करणाऱ्याने कितीही केलं तरी समोरचा ढिम्म राहू शकतो. डिस्पॅरेजसमोर आधी निंदा लिहिलं, मग खोडून उणं काढणं लिहिलं. बॅडमाउथ म्हणजे नालस्ती. रिडिक्यूल म्हणजे खिल्ली उडवणं, डिराइड म्हणजे हेटाळणी, हसणं दोन्हीत आहे पण दुसऱ्यात कडवटपणा जास्त. स्नबसमोर खूप वेळ काहीच सुचलं नाही, मग समजलं की स्नबला शब्दच लागत नाहीत, नमस्कार केला आणि समोरच्याने तोंड फिरवलं की झालं, तिथे दुर्लक्ष पुरत नाही, झिडकारणं जास्त होतं. सेल्फ-डेप्रिकेटिंगला स्वतःला कमी लेखणं असं लिहिलं तर ते आजारासारखं वाटतं, इंग्लिशमध्ये मात्र तो गुण समजतात, स्वतःवर हसता येणं. आणि आपल्या तेजोभंगाला इंग्लिशमध्ये एका क्रियापदात आणता येत नाही. चांगलं काम करून उत्साहाने आलेल्या माणसाचं तेज चारचौघांत विझवून टाकणं, ज्याने हे भोगलंय त्याला कळेल मी काय म्हणतेय.

तारे द्यायचेच तर ॲपला १, तेही नेट नसताना चालतं म्हणून. साइटला साडेचार, शब्दांमधला फरक सांगणाऱ्या त्या भागासाठी. छापील रॉजेटला ३, ज्यांचं इंग्लिश वाचन दांडगं आहे त्यांनी यात आणखी एक मिळवावा. रोज ईमेल लिहिणाऱ्याने साइट आणि सोबत शिकणाऱ्यांची एखादी डिक्शनरी ठेवावी, आणि माणसाबद्दल लिहिताना क्रियापद बदलायचा मोह झाला तर तोच शब्द तिसऱ्यांदा लिहावा, खुशाल लिहावा.

त्या मुलाचा फॉर्म एचआरकडून परत उघडून घेतला. त्याला शेजारी बसवलं आणि त्याच्यासमोर वाक्य बदललं, अंडरएस्टिमेट, तिसऱ्यांदा. त्याने ते दोनदा वाचलं, मग म्हणाला, मॅम, हे खरंय, वेळेचा अंदाज चुकतो माझा.